देवापुढची न लागलेली मेणबत्ती

१

कोन्सिंग किंचाळली तेव्हा मी एका नवरीच्या झग्याला मणी लावत होते. सुई खचकन बोटात घुसली. आमच्या गल्लीत भर दुपारी आरडाओरडा झाला तर तो बहुतेक कोंबड्यांच्या झुंजीचा असतो. पण ही किंकाळी बाईची होती, आणि समोरच्या घरातून आली होती.

या वयात मी धावत नाही. त्या दिवशी धावले.

कोन्सिंग इस्त्रीच्या टेबलाखाली पाय पसरून बसली होती. उजवा हात तिने बाळासारखा छातीशी धरला होता. बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत सगळा हात टूथपेस्टने पांढरा केलेला. मी तो हातात घेतला तशी वाळलेली पेस्ट पापुद्र्यासारखी निघाली आणि माझ्या स्कर्टवर पडली. खाली कातडी लालभडक, बोटांवर फोड टरारलेले. खोलीत जळक्या कापडाचा वास होता, आणि त्याच्याखाली दवाखान्यासारखा काहीतरी.

"माणूस, पेलिंग! माणूस आला होता!" तिचे दात वाजत होते. "मी इस्त्री करत होते. मागच्या दाराने आला, पेटता बोळा फेकला अंगावर. निळी टोपी होती डोक्याला. तोंड नाही दिसलं."

तिची भाची-नात मायलीन त्याच क्षणी बाजारातून आली. तीच तिच्यासोबत राहते, तिला लोला, म्हणजे आजी, म्हणते आणि तिचं सगळं बघते. हात पाहिल्याबरोबर तिने पिशवी टाकली आणि म्हणाली, "लोला, चला, नळाखाली धरा आधी."

"पाणी नको!" कोन्सिंग आणि मी एकदमच ओरडलो.

आता इस्त्रीने तापलेल्या हाताला गार पाणी लावायचं नाही, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. नसा आखडतात, हात थरथरायला लागतात, त्याला आम्ही पास्मा म्हणतो, तो मग जन्मभर सुटत नाही. माझ्या आईने कधी लावलं नाही, तिच्या आईने नाही. या पोरी शहरात सहा महिने कसला तरी कोर्स करून येतात आणि आम्हाला शिकवतात!

मायलीन रुग्णवाहिकेसाठी फोन करत राहिली. मी खोलीभर पाहत होते, कारण कोन्सिंगकडे पाहवत नव्हतं. कोपऱ्यात बाळ येशूचा देव्हारा. त्याच्या पांढऱ्या आच्छादनाचा एक कोपरा काळा पडलेला. पुढची मेणबत्ती मात्र कोरी होती, वात पांढरी शुभ्र. रेडिओवर तीनची प्रार्थना केव्हाच संपून प्रेमगीतं चालली होती. टेबलावर कपड्यांचा ढीग, खळ घालून कडक केलेला, आणि मध्येच एक शर्ट चुरगळून कोंबलेला. मी शिंपीण आहे, इतक्या दुःखातही तो शर्ट मला खुपला.

बाहेर कोपऱ्यावरची दुकानवाली सगळ्यांना सांगत सुटली होती. निळी टोपी? तिने पाहिली होती! आत्ताच, कोन्सिंगच्या फाटकातून बाहेर पडताना!

आमच्या वस्तीत निळी टोपी घालून घरोघरी पाण्याचे मोठे बाटले पोचवणारा एकच पोरगा आहे. जोमार. त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातात धरला होता; मी त्याची निनांग, धर्ममाता.

२

वस्तीतल्या लोकांनी जोमारला तळ्याच्या रस्त्यावर गाठलं. मी पोचले तोवर त्याचा ओठ फाटला होता आणि टोपी चिखलात गेली होती.

"निनांग, मी फक्त पाणी ठेवलं!" माझ्याकडे बघून तो रडायला लागला. "दार वाजवलं, हाका मारल्या, कुणी उघडलं नाही. बाटला पायरीवर ठेवला आणि निघालो. देवाशप्पथ, निनांग!"

वस्तीच्या कपितानने, म्हणजे निवडून आलेल्या प्रमुखाने, त्याला सभागृहाच्या मागच्या खोलीत कोंडलं. सोमवारी शहरातले पोलीस येणार, त्यांच्या ताब्यात द्यायचं ठरलं. म्हाताऱ्या बाईला जाळायला निघालेला पोरगा तुरुंगात किती दिवस जिवंत राहील, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जोमारने हे केलं नाही, एवढं मी देवापुढे सांगितलं असतं. पण घरी येताना पायरीवर माझा पाय अडखळला. जोमार नसेल, तर तो माणूस अजून बाहेर आहे.

हे मला सुचलं तसं सगळ्या गल्लीला सुचलं. आमची गल्ली म्हाताऱ्यांची. मुलं कॅनडात, सौदीत, जहाजांवर. प्रत्येक घरात एक टीव्ही, एक देव्हारा आणि एक म्हातारं माणूस. संध्याकाळपर्यंत लोखंडाच्या दुकानातली कुलपं संपली. खिडक्यांना जाळ्या होत्याच, आता जाळ्यांना साखळ्या आल्या. मी पुढच्या जाळीला एक कुलूप लावलं, मागच्या दाराला एक. चावी आधी उशीखाली ठेवली, मग वाटलं तो उशी उचलून बघेल, मग फुलदाणीत, मग आणखी कुठेतरी. कधी नव्हे ते मला माझ्याच घरात पावलं मोजून चालावंसं वाटू लागलं. वाऱ्याने केळीचं पान पत्र्यावर घासलं तरी मी उठून कुलूप ओढून बघायची.

शनिवारी सकाळी अग्निशमन केंद्रातून चौकशीला बाई आल्या. लिगाया कातिगबाक नाव. मला वाटलं होतं उंच, करारी कुणीतरी असेल. ही गोल गरगरीत, घामाने डबडबलेली, हातात केळीच्या पानातला गोड भात.

"नानाय, कॉफी मिळेल का?" मी साखळी सोडत असतानाच तिने आई म्हणून हाक मारत विचारलं. "तुमच्या भागातली कडक. बाकी चौकशी नंतर."

पाहुणचार झोडायला आली की काय, असं माझ्या मनात आलं. आणि वर कॉफी पिताना ती विचारत काय होती? तो माणूस कोण, कसा दिसायचा, हे नाहीच.

"तुम्ही गेलात तेव्हा टूथपेस्ट ओली होती की वाळलेली?"

"वाळलेली. माझ्या स्कर्टवर पापुद्रे पडले. का?"

"काही नाही." तिने बोटं चाटली. "छान आहे भात."

३

तिने दिवसभर वस्ती पालथी घातली. मी तिच्या मागेमागे होते. एक तर जोमारची निनांग म्हणून, आणि दुसरं म्हणजे तिच्याजवळ असलं की भीती कमी वाटायची.

आधी दान्ते. हा कोन्सिंगच्या नवऱ्याचा पुतण्या, घरामागच्या तुकड्यावर झुंजीचे कोंबडे पाळतो. सिगारेट विझत नाही आणि तोंड थांबत नाही.

"म्हातारी मेली तर घर मला, हेच ना डोक्यात?" तो कोंबड्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला. "अहो, तिचा मुलगा एर्विन कॅनडात बसलाय ना! तो देईल होय मला? आणि मागच्या दाराशी माझे एवढे कोंबडे. परका माणूस आला तर अख्खी वस्ती उठवतील. शुक्रवारी चकार शब्द नाही काढला एकानेही."

"परका नसेल तर?" लिगायाने विचारलं.

दान्ते हसला, पण मला ते हसू आवडलं नाही.

मग मायलीन. तिचे डोळे रडून सुजले होते.

"बाजारात होतीस?"

"हो, मॅम. मासे आणायला."

"पिशवीत मासे नव्हते," मीच मध्ये बोलले. मला आत्ता आठवलं होतं. ती पिशवी खाली टाकली तेव्हा तिच्यातून नुसते कागद बाहेर सांडले होते.

पोरीने खाली मान घातली. "तैवानला जायचंय मला. कारखान्यात काम आहे. दुपारी एजन्सीत मुलाखत होती. लोलाला सांगितलं नव्हतं... पण तिला कळलंय. परवा फोनवर बोलताना ऐकलं तिने. मला काही बोलली नाही, फक्त दोन दिवस जेवली नाही नीट."

"आणि एर्विनला कळलं?"

"नाही अजून. पण लोला एकटी राहिलेली त्याला चालणार नाही. मागे लोलाने पातेलं गॅसवर विसरलं, सगळं स्वयंपाकघर काळं झालं, तेव्हा म्हणाला होता, आणखी एकदा असं काही झालं की लोलाला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवणार. लोला म्हणते, तिथे म्हाताऱ्या खिडकीशी बसून मरायची वाट बघतात."

मग लिगाया कोन्सिंगला भेटली. कोन्सिंगला दवाखान्यातून परत आणलं होतं, हात आता बँडेजमध्ये होता. तिने तीच गोष्ट सांगितली, शब्दन् शब्द तीच. इस्त्री, मागचं दार, पेटता बोळा, निळी टोपी. लिगायाने ऐकून घेतलं, इस्त्रीच्या टेबलाशी गेली, तिथली एक बाटली उचलून परत ठेवली, कपड्यांच्या ढिगातून तो चुरगळलेला शर्ट ओढून काढला. त्याच्या पोटावर तपकिरी डाग होते. मला वाटलं, खळीचे.

"शर्ट कुणाचा, नानाय?"

"एर्विनचा. दर आठवड्याला इस्त्री करते. येईल तेव्हा कपाटात तयार हवा."

लिगायाने तो घडी करून आपल्या पिशवीत ठेवला. कोन्सिंग तिच्याकडे अशी बघत होती, जणू तिने काहीतरी जिवंत उचलून नेलं.

संध्याकाळी लिगाया माझ्याकडे आली, पुन्हा कॉफीच्या नावाखाली. मी नवरीच्या झग्याच्या घेराला इस्त्री संपवत होते. हात चिकट झालेले. टेबलावरच्या बाटलीतलं अल्कोहोल तळहातावर ओतलं, कोपरापर्यंत चोळलं, आणि डास फार झाले होते म्हणून डासांची अगरबत्ती लावायला काडेपेटी उचलली.

तिने माझं मनगट धरलं. इतक्या घट्ट, की मी ओरडलेच.

"थांबा, नानाय."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच त्या गोल चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिने माझ्या बोटांतून काडेपेटी काढून घेतली, स्वतःच्या खिशात घातली, आणि निघून गेली.

मी दाराला कुलूप लावलं आणि त्याला टेकून उभी राहिले. सगळ्यांत आधी कोन्सिंगजवळ पोचलेली मी. पोरगा माझा मानलेला. तिला माझाच संशय होता!

४

रविवारी प्रार्थनेला कुणीच गेलं नाही. गल्लीतली सगळी दारं बंद. दुसऱ्या दिवशी पोलीस येणार होते आणि माझ्या डोळ्यांसमोर जोमारचा फाटका ओठ.

दुपारी म्हटलं, चार घास तरी खाऊ. सुके मासे तळायला कढईत तेल ठेवलं. तेवढ्यात मागच्या दाराशी कुणीतरी चाललं.

पानांवर पाय वाजला. थांबला. मग कुलपाची साखळी खुळखुळली.

मी कढई सोडून भिंतीला चिकटले. श्वास घेतला तरी ऐकू जाईल असं वाटत होतं. फटीतून पाहिलं: एक सावली, वाकलेली, दाराच्या अगदी खाली काहीतरी चाचपडत. बोळा ठेवतोय, माझ्या मनात आलं. आता पेटवणार. मी येशूचं नाव घेतलं, मारियाचं घेतलं, मेलेल्या नवऱ्याचंही घेतलं.

सावली गेली. मी वळले आणि पाहिलं, आग माझ्या पाठीमागे होती.

कढईतून ज्वाळा वर आली होती, छताखालच्या कॅलेंडरपर्यंत. मी किंचाळले. पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नको! नानाय, पाणी टाकू नका!" रस्त्यापलीकडून, कोन्सिंगच्या ओसरीतून लिगायाचा आवाज आला. पुढच्या जाळीतून तिला ज्वाळा दिसली होती; ती पळत येत होती, हातातला कप रस्त्यावर फुटला. "झाकण! कढईवर झाकण टाका, आडवं धरून! गॅस बंद!"

मी सपाट तवा उचलला आणि सरकवला कढईवर. कसा ते माहीत नाही. ज्वाळा बाजूंनी फुरफुरली, बसली. गॅसची कळ फिरवली. पण कॅलेंडर पेटलं होतं, त्यावरून पडदा पेटला, आणि धूर खाली उतरायला लागला. मी जाळीच्या दाराशी आले. कुलूप. चावी?

उशीखाली नव्हती. फुलदाणीत नव्हती. मी कुठे ठेवली होती? डोकं रिकामं झालं होतं, नुसता धूर भरला होता तिथे. लिगाया बाहेरून जाळी हलवत होती. जाळी हलत नव्हती. चांगलं मजबूत कुलूप घेतलं होतं मी, चोरासाठी.

"खाली बसा! खाली हवा आहे! चावी आठवा!"

"नाही आठवत! नाही आठवत मला!"

मग कोन्सिंग आली. दुखऱ्या हाताने, एका चपलेने, केस सुटलेले. तिने जाळीतून तोंड आत घातलं आणि ओरडली, "तांदळाच्या डब्यात बघ, मूर्ख बाई! जन्मभर सगळं तांदळातच लपवत आलीस तू!"

मी रांगत गेले. डबा उलटा केला. चावी तांदळाबरोबर जमिनीवर पडली.

५

पडदा लिगायाने ओल्या गोणपाटाने विझवला. छत काळं झालं, भिंत काळी झाली, मी वाचले. रस्त्यावर खोकत बसले होते तेव्हा दान्ते काखेत एक कोंबडा घेऊन आला. "हा पळाला होता तुमच्या मागच्या दाराकडे," तो म्हणाला, आणि मग माझं तोंड बघून, "काय झालं?"

म्हणजे तो होता. एक कोंबडा आणि एक दान्ते. मी त्याला काय शिव्या दिल्या ते इथे लिहीत नाही.

सगळी गल्ली बाहेर आली होती. पण कोन्सिंग माझ्याकडे बघत नव्हती. ती एकेका घराच्या दाराकडे बघत होती: साखळी, कुलूप, साखळी, कुलूप. गल्लीतला आजोबा, लोलो इस्को, त्याच्या जाळीच्या आतून विचारत होता, कुणी माझी चावी पाहिली का? त्याला चालता येत नाही. चावी त्याच्या शेजारणीकडे होती आणि शेजारीण मुलीकडे गेली होती.

कोन्सिंग रस्त्यातच बसली.

"आत चला," लिगाया म्हणाली. "बोलू."

आम्ही तिघी कोन्सिंगच्या खोलीत बसलो. लिगायाने दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"नानाय, मला एक सांगा," ती कोन्सिंगला म्हणाली. आवाज मऊ होता. "शुक्रवारी तीनला तुम्ही मेणबत्ती का लावली नाहीत? पेलिंग नानाय सांगतात, तुम्ही तीनची प्रार्थना कधी चुकवत नाही. रेडिओ चालू होता. आणि वात कोरी."

कोन्सिंग बँडेजची गाठ चाचपू लागली.

"मग मी सांगते, चुकलं तर थांबवा. तुम्ही दुपारभर इस्त्री केली. तीन वाजले, प्रार्थना सुरू झाली. हात चिकट, आणि तापलेल्या हाताला पाणी लावायचं नाही. म्हणून तुम्ही ते केलं जे पेलिंग नानायने काल माझ्यासमोर केलं. बाटलीतलं अल्कोहोल हाताला चोळलं, बाहीवरही सांडलं असेल. तसाच हात घेऊन देव्हाऱ्याकडे गेलात. काडी ओढली."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. काल संध्याकाळी ते ओले होते आणि काडेपेटी माझ्या बोटांत होती. मी ते स्कर्टला पुसले.

"अल्कोहोलची ज्वाळा दिसत पण नाही धड," लिगाया म्हणाली. "आधी दुखतं, मग कळतं. मेणबत्तीपर्यंत काडी पोचलीच नाही. हात झटकलात, आच्छादनाचा कोपरा जळला. मग जे हाताशी आलं त्यात हात गुंडाळून दाबलात. तो एर्विनचा शर्ट होता. चांगलं केलंत, जीव वाचला त्याने. मागून कुणी बोळा फेकला असता तर पाठ भाजली असती, खांदा भाजला असता. तुमची बोटं भाजलीत, हातमोज्यासारखी. आणि तो बोळा कुठाय? घरात कुठेच नाही."

"आणि पेस्ट," मी हळूच म्हणाले. मला आता सगळं दिसत होतं.

"हो. पेस्ट वाळून पापुद्रे झाले होते. माणूस आत्ताच पळाला म्हणून किंचाळणाऱ्या बाईच्या हातावर वाळलेली पेस्ट कशी? तुम्ही भाजल्यानंतर बराच वेळ एकट्या बसला होतात, नानाय. जोमारने दार वाजवलं तेव्हा तुम्ही आत होतात. उघडलं नाहीत. विचार करत होतात."

रस्त्यावर कोंबडा आरवला. कोन्सिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा हलत नव्हता.

"मायलीन जाणार," ती शेवटी बोलली. "एर्विन म्हणाला होता, आणखी एकदा. आणखी एकदा झालं की आश्रम. हे झालंच ना आणखी एकदा! मी बसून राहिले. हात जळत होता आणि मी विचार करत होते, हे मी केलं असं कळता कामा नये. कुणीतरी आलं होतं असं म्हणायचं. कसा होता विचारतील. काहीतरी सांगायला हवं. पोरगा फाटकातून जाताना खिडकीतून टोपी दिसली, तीच तोंडात आली." तिने बँडेजचा हात तोंडावर दाबला. "मी त्याचं नाव नाही घेतलं, पेलिंग. नाव नाही घेतलं मी!"

"घ्यावं लागलं नाही," मी म्हणाले. मला तिचा राग आला होता, इतका की हात उगारावासा वाटला. आणि त्याच वेळी तिला पोटाशी धरावंसं वाटत होतं. तिच्या जागी मी असते तर? माझी मुलगी सौदीतून काय वेगळं म्हणते?

"सांगितलं का नाहीस मग, त्याला धरलं तेव्हा तरी?"

"भीती वाटली."

"मला वाटत नव्हती? सगळ्या गल्लीला वाटत नव्हती? तुझ्या त्या माणसापायी आज मी जळाले असते!"

"म्हणून तर सांगतेय ना," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

लिगाया उठली. "हाताला पाणी लावलं असतं लगेच, गार, वाहतं, चांगला वेळ, तर इतके फोड आले नसते. तुम्ही बायका कढईतल्या तेलावर पाणी ओतायला निघता आणि भाजलेल्या हाताला लावू देत नाही. उलटं करा म्हणजे झालं." मग ती जरा थांबली. "मला कपितानकडे जायचंय. तुम्ही सांगाल की मी सांगू?"

कोन्सिंगने डोळे पुसले. "आधी एर्विनला. मग मी स्वतः येते सभागृहात."

मायलीनने फोन लावून दिला. पडद्यावर एर्विनचा झोपेतला चेहरा, मागे बर्फ पडत असलेली खिडकी. कोन्सिंगने काहीही न गाळता सगळं सांगितलं. जोमारचंही. मला वाटलं, आता तो आश्रमाचं नाव काढणार.

"माझा शर्ट होता तो, नानाय?" त्याने विचारलं.

"हो रे. नवा शिवून घेईन पेलिंगकडून."

"शर्टचं राहू दे." त्याने तोंड फिरवलं. "नाताळला येतोय मी. तोपर्यंत... बघू. मी आल्यावर बघू."

हे काही वचन नव्हतं. पण तिने ते दोन्ही हातांत धरल्यासारखं धरलं.

६

जोमारला सोडलं. कपितानने माफी मागितली, मारणाऱ्यांनी नाही मागितली. लिगाया जाताना गल्लीतल्या प्रत्येक दारासमोर थांबली आणि आतून लावलेलं कुलूप काढायला लावून चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगायला लावली. कोन्सिंगला तिने बॅटरीवर चालणारी मेणबत्ती आणून दिली.

"प्लॅस्टिकची!" कोन्सिंग म्हणाली. "देवाला फसवायचं आता?"

म्हणून मीच रोज तीनला जाते आणि खरी मेणबत्ती लावते, कोरड्या हाताने. ती मांडीवर हात ठेवून बसते. प्रार्थना झाली की मीच विझवते.

पण भीती कुलपासारखी एका फेरीत निघत नाही. लोक जोमारला बघून अजून फाटक ओढून घेत होते. खोटं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, तरीही.

बुधवारी तो पाणी घेऊन आला. पूर्वी बाटला उचलून आत आणायचा, स्टँडवर चढवायचा, कोन्सिंगच्या हातची बिस्किटं खायचा. आता रस्त्यावरच उभा राहिला. डोकं उघडं, ऊन तापलेलं.

"लोला, बाहेर ठेवलंय पाणी," त्याने हाक मारली.

कोन्सिंग ओसरीत आली. मी तिच्या मागे होते.

"टोपी कुठाय तुझी?"

"घातली नाही, लोला." ओठावरची जखम अजून भरली नव्हती, त्यामुळे शब्द जड येत होते. "टोपी बघून घाबरतात लोक."

मला वाटलं ती आता रडेल. ती रडली नाही. आत गेली, नवऱ्याची जुनी निळी टोपी खुंटीवरून काढून आणली, पायऱ्या उतरली. त्याने मान खाली घातली, आणि तिने डाव्या हाताने ती त्याच्या डोक्यावर बसवली, वाकडी. मग बँडेजचा हात त्याच्या दंडात अडकवला.

"चल," ती म्हणाली. "पुढचं घर कुणाचं?"

"लोला, ऊन आहे."

"माहीत आहे मला ऊन. चल."

ती दोघं गल्लीतून निघाली, तो पाण्याची हातगाडी एका हाताने ओढत, ती सावकाश त्याच्या बाजूने. प्रत्येक फाटकाशी ती थांबायची आणि शाळेच्या बाईसारखी खणखणीत हाक मारायची: "पाणी आलंय! दार उघडा!" लोलो इस्कोचं त्याच्या शेजारणीने उघडलं. दुकानवालीचं उघडलं, जरा उशिराने.

मी माझ्या काळ्या पडलेल्या स्वयंपाकघरात गेले आणि दार आधीच उघडून ठेवलं.